सिग्रूनच्या दंडाच्या फेऱ्या

मी, गुनवोर टोर्स्टाड, वय त्रेसष्ट, अविवाहित, राहणार स्कारलिया, नॉर्वे, ही माझी अखेरची इच्छा स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. थकलंय ते हृदय. ज्याच्या दोन ठोक्यांमधल्या शांततेत मी गोळी सोडायची, तेच आता मनाला येईल तेव्हा थांबतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचा बर्फ दिसेलच असं नाही.

१. नेमबाजीच्या मैदानाखालची माझी जमीन गावच्या स्की-क्लबला द्यावी. तिथे पर्यटकांसाठी घरं बांधू नयेत.

२. बायथलॉनमधली, म्हणजे स्कीवर धावत मध्ये मध्ये नेमबाजी करायच्या शर्यतीतली, माझी पदकं, जगज्जेतेपदाची दोन्ही धरून, क्लबच्या कपाटात ठेवावीत. कपाटाला कुलूप नको. पोरांना चावून बघावंसं वाटतं, बघू द्यावं. ‘बायकांच्या खांद्याला बंदूक शोभत नाही’ म्हणणारे गृहस्थ हयात असतील, तर त्यांनाही.

३. राहतं घर, शिल्लक आणि माझी बंदूक भाची सिग्रून हिला. परवाना तिच्या नावे करून घ्यावा. तिने बंदूक चालवलीच पाहिजे असं नाही.

४. माझा धाकटा भाऊ, सिग्रूनचा बाप, हालवार्ड. माझ्या स्कींना मेण त्यानेच लावलं. निम्मी पदकं त्याच्या हातांची आहेत. तरी हे लिहिणं भाग आहे.

सिग्रून सोळा वर्षांची होती. गावच्या शर्यतीत शेवटच्या नेमबाजीला ती सर्वांच्या पुढे आली आणि पाचही गोळ्या शेजारच्या स्पर्धक मुलीच्या निशाणांवर झाडून बसली. नियमाने पाचही चुकल्या, आणि चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे स्कीवर एक जादा फेरी, हा दंड. ती दंडाच्या रिंगणात फेऱ्या मारत होती, तेव्हा हालवार्ड कठड्यावरून ओरडला, “अगं, लोकांच्या ताटात वाढलंस, आणि स्वतः उपाशी!”

लोक हसले. मी म्हटलं, “गप रे, पोरगी ऐकतेय.”

“ऐकू दे ना, ताई! टोर्स्टाडांची पोर, आणि आपलं निशाण कुठलं ते कळेना?”

आमच्याकडे पोराची गोळी चुकली की घरचं मोठं माणूस कठड्याबाहेरून त्याच्या फेरीला सोबत धावतं. ज्याने धावायचं, तो हसत होता. सिग्रूनने पुन्हा बंदूक धरली नाही. बापाशी ती मीठ मागण्यापुरतं बोलते.

हालवार्ड, त्या दिवशी वारा आडवा होता. तरी पाचही निशाणं काळ्याची पांढरी झाली होती, म्हणजे तिची एकही गोळी वाया गेली नव्हती. असल्या वाऱ्यात मला कधी पाचही साधली नाहीत. तू फक्त निशाणांची रांग कुणाची, तेवढं पाहिलंस.

जंगलातलं लाकडी घर हालवार्डला, एका अटीवर. बर्फ टिकला की त्याने मैदानावर जाऊन त्या पाच फेऱ्या माराव्यात. सिग्रूनला विचारावं, ओढून नेऊ नये. ती आली तर तिच्या मागे राहावं, तोंड बंद ठेवून. नाही आली, तर एकट्याने माराव्यात. अट पुरी झाली की नाही, हे सिग्रून ठरवेल. त्या घराची किल्ली मी तिच्याकडे दिली आहे.

सही: गुनवोर टोर्स्टाड
स्कारलिया, ९ सप्टेंबर २०२५

आम्ही दोघे नात्याबाहेरचे. गुनवोरबाईंनी पूर्ण शुद्धीत, आमच्यासमोर सही केली.
ओडवार म्यूरेन, शेजारी
बिरगिट फॉसहाइम, क्लबच्या सचिव