शेजारणीचा बटाटा

धाकटे, प्रभूच्या शांतीत तुला सलाम.

मी सुखरूप पोहोचले. आमच्यासारख्या आयांना चार दिवस विसावा मिळावा म्हणून चर्चनं हे घर छान ठेवलंय. झोपही लागते. म्हणजे लागेल.

काल जेवताना गंमतच झाली. बोलता बोलता मी शेजारच्या बाईचा बटाटा कुस्करला आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं निमूट खाल्ला आणि रुमालानं माझं तोंड पुसलं. तिचा मुलगाही माझ्या चिमणीसारखाच अंथरुणाला खिळलेला आहे.

प्रार्थनेत पाळक म्हणाले, आज स्वतःसाठी मागा. मी चिमणीचा ठसका थांबू दे म्हणाले.

पाणी घाईनं पाजू नकोस. तिची कूस बदलतेस ना?

ती मला शोधत असेल तर लगेच कळव, मी निघून येते. शोधत नसेल, तर मात्र सांगू नकोस.

तुझी ताई