हालावोचा खंड्या

१ एप्रिल १९४३

नाही म्हणजे नाही! समुद्रापलीकडे लुंगाच्या धक्क्यावर खोकी उचलायला मी येणार नाही. किती वेळा सांगायचं? फिरिसुआचं आपलं एकच पालुपद — "तिकडे आपली मलाइता बेटाची माणसं आहेत, रोज नवं जहाज लागतं, संध्याकाळी गाणी होतात. इथे हालावोच्या तळावर काय आहे? लोखंडी पाखराला आंघोळ घालायची!" तो थोरला भाऊ म्हणून मी गप्प बसतो. पण आज सगळ्या मजुरांदेखत म्हणाला, "तुझं विमान कुणाला पाडत नाही, कुणाला मारत नाही. नुसतं वर जाऊन बघतं. लढाईतला बघ्या आहे तो, बघ्या!" सगळे खो खो हसले. जेवण टाकून उठलो. मग भूक लागली. परत गेलो तर रताळी संपलेली.

२ एप्रिल

आज बोललो नाही त्याच्याशी. तोही नाही.

४ एप्रिल

रविवार. प्रार्थना झाली. पाद्र्यांच्या शाळेत दोन वर्षं काढली, तेवढ्या पुंजीवर हे लिहितोय. टॉलफसनने माझं अक्षर बघितलं. म्हणाला, "इरोमेआ, ही कोंबडी चिखलातून कुठे निघालीय?" वही त्यानेच दिलेली, म्हणून हसू दिलं.

टॉलफसन आमच्या विमानाचा चालक. नाव जिभेवर बसत नाही म्हणून आम्ही सगळे तोला म्हणतो. मागच्या जागेवर बसतो तो रुझिका — बिनतारी यंत्र आणि बंदूक त्याच्याकडे. विमान आधी युद्धनौकेवर होतं. नौका फुटली, दुरुस्तीला गेली, विमान इथे आमच्या पदरात पडलं. अमेरिकन त्याला खंड्या म्हणतात. बरोबर आहे! डोकं मोठं, बूड बारीक, नजर सगळी खाली पाण्यावर. पोटाखाली एक लांब होडकं, पंखांखाली दोन छोटी.

नौकेवर त्याला पळायला जागा कुठली? रुळावर ठेवतात, मागे दारूचा बार उडवतात, आणि गोफणीतल्या दगडासारखं फेकतात. तोला म्हणतो, "पहिल्या वेळी मी पुढे गेलो, पोट मागे राहिलं." परत आलं की नौका जोरात वळते. तिच्या बगलेतलं पाणी घटकाभर सपाट होतं, तेवढ्यात उतरायचं. मग यारीने वर.

आणि बघायचं म्हणजे काय? डोंगरापलीकडे तोफेचा गोळा कुठे पडला ते नौकेला दिसत नाही. हा वरून सांगतो — आखूड पडला, थोडं डावीकडे घ्या. मग पुढचा बसतो. आंधळ्या योद्ध्याच्या हातातला भाला काय कामाचा? हे फिरिसुआला ऐकवणार.

५ एप्रिल

ऐकवलं. म्हणाला, "मग तुझ्या बघ्याला सांग, वरून तंबाखू कुठे दिसते का बघ." बोललोच नसतो तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

आज खंड्याला माझ्या एकट्याच्या हुकमावर बाहेर काढलं! विमान पाण्यातून किनाऱ्यावर घ्यायचं म्हणजे छातीभर पाण्यात उभं राहायचं, होडक्याखाली चाकांचा गाडा सरकवायचा, लाट आली की धरायचं, गेली की ढकलायचं. एक हात चुकला तर होडकं प्रवाळावर घासून फाटतं. नेहमीचा गोरा मुकादम तापाने पडलाय. तोला वरून ओरडला, "इरोमेआ, तू सांग, आम्ही ऐकतो!" सांगितलं. ओरखडा नाही! मग गोड्या पाण्याने धुतलं, होडक्याची झाकणं उघडून आत झिरपलेलं पाणी उपसलं. पाठ मोडली. मजा आली.

आईला हे सांगायला हवं होतं. तिला वाचता येत नाही.

१३ एप्रिल

फिरिसुआ गेला लुंगाला. आणखी पाच जण त्याच्याबरोबर, सगळे आमच्याच खाजणातले. छोट्या मोटरबोटीने. जाताना हाक मारली त्याने. मी विमानाच्या पंखाखाली होतो. ऐकू आलं नाही असं केलं.

१५ एप्रिल

बोट लुंगाला पोचलीच नाही!! दोन दिवस झाले, आणि आम्हाला आज कळतंय. इंजिन बंद पडलं असणार, प्रवाहाने पूर्वेला ओढून नेलं असणार. तिथून पुढे नुसता समुद्र. मजूर पलटणीचा साहेब म्हणाला, "बोटी पाठवल्यात, शोधतायत." दोन बोटी. एवढ्या समुद्रात दोन! विमान मागितलं तर म्हणाला, सगळी गस्तीवर आहेत, वरून हुकूम लागेल.

मी तोलाकडे गेलो. काय बोललो आठवत नाही. तो नकाशा बघत बसला. मग म्हणाला, "माझी गस्त पश्चिमेला आहे. येताना वाट चुकलो तर कोण विचारणार?" रुझिका म्हणाला, "मी विचारीन." तोला म्हणाला, "तू गप्प बस आणि बरोबर दुर्बीण घे."

१६ एप्रिल

सगळं लिहून ठेवतो.

सकाळी वाऱ्याची झुळूक नाही. खाडी तेलासारखी. अशा पाण्यावरून खंड्या उठत नाही — सपाट पाणी होडक्याला चिकटून धरतं, सोडतच नाही. त्यात तोलाने जादा इंधन भरलेलं, प्यायचं पाणी घेतलेलं, रबरी तराफा घेतलेला. एकदा धावला — नाही. दुसऱ्यांदा — शेपटी पाणी कापत राहिली, नाक वर येईना. तिसऱ्यांदा इंजिनातून धूर. एरवी तळाची मोटरबोट पुढे फेऱ्या मारून लाटा करते. आज ती तेलाच्या जहाजाकडे गेलेली. तोलाने काच सरकवली, दोन्ही हातांनी पाणी ढवळल्याची खूण केली. मला कळलं.

किनाऱ्यावर इथल्या गेला बेटाच्या लोकांच्या होड्या होत्या. आमची माणसं हुकमाची वाट न बघता त्यात चढली. गेलावाले ओरडले, "अरे, आमच्या होड्या!" आमच्यातला म्हातारा कोना म्हणाला, "तुम्हीही बसा मग!" बसले! तेरा होड्या. आमच्याकडे डॉल्फिन हाकतात तशी चंद्रकोर केली. दोन ओळी, मधे वाट. कोना पुढच्या होडीत उभा. त्याने हात टाकला आणि सगळ्यांनी वल्ही आपटली. पाणी नुसतं उकळायला लागलं! घसे फाटेपर्यंत ओरडत होतो. घरी हाच आरडाओरडा ऐकून मासे किनाऱ्याला धावतात.

खंड्या मधल्या वाटेने आला. पंख आमच्या डोक्यावरून गेला, कोना खाली बसला म्हणून वाचला. होडकं एका लाटेवर आदळलं, दुसऱ्यावर आदळलं — आणि सुटलं. उठला! कोना पाण्यात पडला. कुणी बघितलंही नाही त्याच्याकडे. वर येऊन ओरडला, "बुडालो असतो तर काय केलं असतं रे हरामखोरांनो?" "तोला परत आल्यावर त्याला तुझ्याही शोधाला पाठवला असता!"

मग वाट बघणं. दुपार गेली. इंधन किती वेळ पुरतं ते मला माहीत आहे. ते संपण्याची वेळ गेली. मी रिकामा गाडा पाण्यात घेऊन उभा. साहेब स्वतः आला, म्हणाला, "बाहेर ये." आलो नाही.

सूर्य टेकला तेव्हा आवाज आला. वर बघतोय — काही नाही. आवाज पाण्यावरून येत होता. खाडीच्या तोंडातून खंड्या होडीसारखा चालत आला! पंखांवर माणसं — तीन इकडे, तीन तिकडे, पालीसारखी चिकटलेली. एवढं वजन घेऊन उडता येणार नव्हतं, म्हणून तोलाने समुद्रातून तसंच चालवत आणलं. येताना इंजिन मंद ठेवलं, कधी बंद करून प्रवाहावर सोडलं. लाटा आल्या की रुझिका पंखावर सरपटत जाऊन माणसांना धरायचा.

डाव्या पंखाच्या टोकाला फिरिसुआ. अंगावर मिठाचा पापुद्रा, ओठ फुटलेले. मी त्याला खाली घेतला. पहिला शब्द काय बोलावा? म्हणाला, "इरो, रताळी उरली असतील का?"

तोला पंखावर बसून बूट काढत होता. म्हणाला, "होडक्यात पाणी भरलंय, आधी ते उपस." मी उपसलं.

१७ एप्रिल

फिरिसुआ सांगत होता, "तिसऱ्या दिवशी एक विमान वरून गेलं, उंच. आम्ही सदरे हलवले. गेलं निघून. मग हा आला. मागेपुढे, मागेपुढे, पाणी विंचरत. म्हटलं, हे पडणार बहुतेक. आणि ते बघत होतं रे!"

२५ एप्रिल

घरून चुलते आले, शंखमण्यांची लाल माळ घेऊन — आमच्याकडे हाच पैसा. दहा सरांची. फिरिसुआने ती तोलापुढे धरली. तोला म्हणाला, "अरे नको, हे माझं कामच आहे." थोरला भडकला — "सहा जीव काय फुकट झाले?" मी मधे पडलो. आमच्याकडे जीव वाचवणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवलं तर वाचलेल्याची मान खाली जाते, असं समजावलं. तोलाने टोपी काढली, मान वाकवली. चुलत्यांनी माळ घातली. म्हणाले, "आता हा आमच्या बेटाचा." सगळे एकत्र जेवलो. तोलाने सुपारी चुन्यासकट खाल्ली आणि डोळे पांढरे केले.

१० मे

फिरिसुआ लुंगाला गेला नाही. माझ्या शेजारी पाण्यात उभा राहतो. गाडा चुकीचा धरतो. मी ओरडतो. ऐकतो!

१४ मे

एका विनाशिकेवरचे तोफवाले पाणी भरायला आले. एकाने खंड्याकडे बघून थुंकून काहीतरी म्हटलं. फिरिसुआला इंग्रजी कळत नाही, पण तोंड कळलं. गेला अंगावर! "आमच्या विमानाला नावं ठेवतोस? तू गोळा फेकतोस तो कुठे पडतो, माहीत तरी आहे का तुला?" सगळं आमच्या लाऊ भाषेत. तोफवाला हसला, सिगारेट दिली. हा म्हणतो, "बघ, घाबरला."

३ जून

तोला आणि रुझिका पश्चिमेला गेले, नौकांच्या तोफांसाठी बघायला. खाडीत छान वारा होता. पहिल्या धावेत उठले.

५ जून

बाहेर काढायला विमान नाही. तरी गाडा धुतला.

९ जून

रुझिका एकटा परत आला, दुसऱ्यांच्या बोटीतून. हात गळ्यात बांधलेला. तोलाने गोळे बसेपर्यंत जागा सोडली नाही, मग विमान पडलं, म्हणाला.

१२ जून

आमच्याकडे मुलगा गेला की त्याच्या आईच्या हातात बेटाने काहीतरी ठेवायचं असतं. रुझिकाने तोलाच्या आईचा पत्ता लिहून दिला. टपालवाला साहेब म्हणाला, "अरे, ती बाई तुम्हा सगळ्यांपेक्षा श्रीमंत असेल." फिरिसुआ म्हणाला, "असू दे. मुलगा आमचाही होता." वाचलेले सहा, तेरा होड्यांमधले सगळे, गेलावालेसुद्धा, सगळ्यांकडून — श्रीमती टॉलफसन यांना, एकूण अकरा पौंड, चार शिलिंग.