बुडबुडे खाली जात नाहीत

बुधवार, १४ मे
जहाजावरून

प्रिय हट्टोबा,

खुशाल असशील. मीही मजेत आहे, समुद्र शांत आहे, फक्त स्वयंपाक्याचा हात मिठाला फार सढळ आहे. पत्र तुझ्या ताईंच्या पत्त्यावर पाठवतेय. त्यांच्या सोफ्यावर झोपून तुझी पाठ धरली असेल, तर मला मुळीच वाईट वाटणार नाही. फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून उद्या सामान देऊन परतणाऱ्या बोटीबरोबर हा कागद.

आता बातमी. मी जिंकले.

तू ताईंना वाचून दाखवशीलच, म्हणून सोपं करून लिहिते. आमचं यंत्र खोल पाण्यात उतरत जातं, उजेड टाकतं, आणि कणांवर आदळून किती उजेड परत येतो ते मोजतं. आलेखाची रेघ गुमान चाललेली असते आणि मधेच टोकं निघतात. मी म्हणत होते, ते मेलेल्या शेवाळाचे गोळे आहेत, तळाकडे निघालेले. तू म्हणत होतास, बुडबुडे. तेही अख्ख्या प्रयोगशाळेसमोर. वर यंत्रातच सरासरी काढायची सोय बसवून माझी सगळी टोकं सपाट करून टाकलीस. प्रमुखांनी बजावलं होतं, या फेरीत सिद्ध झालं नाही तर यंत्र कपाटात जाईल.

आम्ही त्याच पाण्याबरोबर वाहत राहिलो. सोमवारी टोकं वरच्या थरात होती. मंगळवारी बरीच खाली. आज त्याहून खाली. प्रमुखांनी तिन्ही दिवसांचे आलेख पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि म्हणाले, "बुडबुडे खाली जात नाहीत."

मी डेकवर जाऊन नाचले. खलाशांनी पाहिलं. पाहू देत.

आता जे लिहायचं टाळत होते ते. यंत्रातली सरासरी आधीच बंद केलेली होती. निघायच्या गडबडीत माझ्या ते ध्यानातही नव्हतं, आणि ती बंद करायचा पासवर्ड तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. ती चालू असती तर एकही टोक हाती लागलं नसतं. म्हणजे बॅग भरून, दार आपटून जाण्याआधी तू प्रयोगशाळेत जाऊन आला होतास. मला हरवायची हुकमी संधी होती, ती सोडलीस. जिंकल्यावर नाही, पण हे कळल्यावर मी रडले.

शोधनिबंधावर तुझं नाव माझ्या शेजारी असेल. दुसरं असेल, पण असेल.

पुढच्या शनिवारी धक्क्यावर ये. बॅग घेऊनच ये, तिथून थेट घरी जाऊ.

सरासरीत न बसणारी,
तुझीच