शाळेचा टीव्ही

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सरकारनं आमच्या वाडीच्या शाळेला टीव्ही दिला, पण खिडक्यांना गज दिले नाहीत. म्हणून चोरीच्या भीतीनं तो सरपंचांच्या घरीच असतो. आज तपासणी, म्हणून सकाळी आणून वर्गातल्या रिकाम्या हुकांना अडकवला. साहेबांनी पोरं समोर बसवून फोटो काढला, चहा घेतला. मी गजांचा विषय काढला तर म्हणे, "बाई, अर्ज द्या." आणखी किती देऊ?

साहेबांची गाडी वळते न वळते तोच सरपंचांच्या माणसांनी टीव्ही उतरवला. टीव्हीवरचा फुलपाखराचा धडा निम्म्यावर आला होता, अळी नुकतीच कोषात गेलेली. पुन्हा नुसते हुक.

चौथीतली रुक्साना त्या हुकांकडंच बघत होती. "बाई, टीव्ही परत कवा येणार?"

खोटं बोलवेना. "साहेब परत येतील तेव्हा."

"मग तवर ती अळी आतच ऱ्हाणार व्हय?"

मी फळा पुसायला वळले. पुसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं.

पुढची तपासणी आता पुढच्या वर्षी. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे.