बाबांच्या बाकावरच्या दोन जागा

मिल्वॉकी,
२ सप्टेंबर १९८८

चि. व्हर्ना हिस डेल्मरदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तोफच ती! शिकागोविरुद्धच्या फुटबॉल सामन्याची आपली तिकिटं मी साहेबांना दिली, त्याला आता वर्ष होत आलं, तरी तुझं तेच दळण चालू आहे. साहेब मूळचे शिकागोचे. ते त्यांच्या टीमची टोपी घालून येणार नाहीत तर काय आपली घालून येतील? बाबांच्या जागेवर बसून ते आपल्या ग्रीन बेच्या टीमला खदाखदा हसले, हे हिल्डाआत्याने तुला कळवायला नको होतं. पुढच्याच महिन्यात मला बढती मिळाली, हे मात्र तिने कळवलं नसेल.

बाबांनी शेवटच्या आजारात स्टेडियममधल्या बाकावरच्या त्यांच्या दोन्ही राखीव जागा माझ्या नावावर केल्या. त्यातली एक तुझी असं ते तोंडाने म्हणाले होते, मान्य. कागदावर तसं नाही. आणि तुला या खेळातलं कळतं काय? तू खेळाडूचा चेहरा बघतेस, त्याची आई काय करते ते पेपरात वाचतेस. मी आकडे बघतो. माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही.

तर हा वाद एकदाचा मिटवू. दरवर्षीचा आपला घरचा खेळ या वेळी पैजेवर खेळू. नेहमीसारखे देशभरातले पाच-पाच खेळाडू वाटून घ्यायचे आणि दर रविवारी ते मैदानावर जे करतील त्याचे गुण मोजायचे. चेंडू हातात घेऊन दहा यार्ड पळाला की एक, शेवटची रेषा ओलांडून टचडाउन केला की सहा. तू जिंकलीस तर दोन्ही जागा कायमच्या तुझ्या. मी जिंकलो तर तळ्याकाठच्या कॉटेजमधला तुझा हिस्सा माझा, आणि दळण बंद. बदल एकच. दरवर्षी आपण हंगामाचा शेवटचा रविवार सोडून देतो, यंदा तोही धरायचा. जितके आकडे जास्त, तितकं सत्य स्वच्छ. सहा वर्षं ओळीने मी जिंकतोय, तेव्हा विचार करून हो म्हण.

आमची जॅनेल नऊ वर्षांची झाली. सामन्याला ने म्हणून मागे लागते. तिला सांगितलं, मुलींना तिथली थंडी सोसत नाही.

राग गिळलास तरी चालेल, माया तेवढी गिळू नकोस.
तुझा,
डेल्मरदादा


मॅनिटोवॉक,
७ सप्टेंबर १९८८

ती. हिल्डाआत्या हिस व्हर्नाचा सा. न. वि. वि.

दादाच्या पत्राची नक्कल सोबत धाडते आहे. वाचून झाली की चुलीत घाल. मी हो कळवलं आहे आणि पंच म्हणून तुझं नाव दिलं आहे. गुण तू मोजायचेस, आणि खेळाडूंची अदलाबदल करायची झाली तर दोघांच्या सहीची चिठ्ठी तुझ्या हाती आली की ती पक्की.

आत्या, मी एक्केचाळीस वर्षांची झाले. त्या बाकावर मी एकदाही बसलेली नाही. तुला आठवतं ना? बाबा आणि दादा पायाखाली घालायचे पुठ्ठे बगलेत मारून स्टेडियमकडे जायचे आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात रेडिओपाशी बटाटे सोलत बसायचे. तुझं घर चार गल्ल्यांवर, त्यामुळे टचडाउनचा गलका रेडिओच्या आधी खिडकीतून यायचा. बाबा म्हणायचे, पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष बाबांबरोबरच गेलं. आणि जिथे बाबांनी सख्ख्या मुलीला बसवलं नाही, तिथे दादाने शिकागोवाला बसवला!

मला जागा तर हव्याच आहेत, पण खरं सांगते, त्याआधी दादाचं नाक खाली झालेलं बघायचं आहे.

पहिली निवड चिठ्ठीत मला आली आणि मी कॉर्टलंड प्राइसला उचललं. सध्या देशात त्याच्यासारखा पळणारा दुसरा नाही.

तुझ्या गुडघ्यांना जप, आणि माझ्यावरचा हात काढू नकोस.
तुझी,
व्हर्ना


मॅनिटोवॉक,
१ डिसेंबर १९८८

प्रिय दादा, सा. न. वि. वि.

तू नऊ गुणांनी पुढे आहेस, आणि मी आता थकले. शाळेच्या स्वयंपाकघरात साडेतीनशे पोरांचं जेवण उरकून आल्यावर आकडेमोड सुचत नाही. एक विचारायचं होतं. तुझ्याकडचा तो लूथर बीडल मला फार आवडतो. त्याची आई बेकरीत राबते, असं पेपरात वाचलं. पडला तरी हसत उठतो बिचारा. तो मला देतोस का? बदल्यात काय हवं ते सांग. प्राइस माझा आहे, पण तो मुलाखतीत फार तोऱ्यात बोलतो, माझं मन काही त्याच्यावर बसत नाही.

हसू नकोस हं. आणि हसलास तरी पत्र धाड.
तुझी,
व्हर्ना


मिल्वॉकी,
५ डिसेंबर १९८८

चि. व्हर्ना हिस अनेक आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालीस, पण मी जेवता जेवता इतका हसलो की ठसका लागला. मोठा भाऊ म्हणून आधी चार शब्द शिकवतो, मग तुला लुटतो.

प्राइस एका दौडीत सरासरी पाच यार्ड काढतो, तुझा बीडल साडेतीन. प्राइसचे टचडाउन पंधरा, बीडलचे सहा. बीडलने चेंडू सात वेळा हातातून घालवला, प्राइसने एकदा. प्राइसची टीम यंदा फक्त एक सामना हरली आहे, बीडलची जेमतेम तग धरून आहे. मी सगळं मांडून भागाकार केला. एक प्राइस म्हणजे पावणेतीन बीडल! बेकरीतल्या आईचे गुण मिळत नाहीत गं. तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं.

प्राइस दे, बीडल घे. सही केलेली चिठ्ठी आजच आत्याकडे धाडली आहे, तूही तुझी धाड. आता मागे फिरायचं नाही. कॉटेजची तुझ्याकडची किल्ली घासूनपुसून ठेव.

तुझ्या भोळेपणावर माझा लोभ आहेच.
डेल्मरदादा


मॅनिटोवॉक,
७ डिसेंबर १९८८

ती. हिल्डाआत्या, सा. न. वि. वि.

मासा गळाला लागला! माझ्या सहीची चिठ्ठी सोबत आहे, ती जपून ठेव.

तू काळजीत पडशील म्हणून सांगते, मला वेड लागलेलं नाही. प्राइसच्या टीमने हा रविवार जिंकला की तिचं पहिलं स्थान पक्कं. मग शेवटच्या रविवारी तिला ना जिंकून फायदा, ना हरून तोटा. त्यांचा म्हातारा प्रशिक्षक अशा वेळी काय करतो, ते मला ठाऊक आहे. गेली दोन वर्षं त्याने आपला हुकमी खेळाडू शेवटच्या सामन्यात कोट घालून बाकावर बसवला, बाद फेरीआधी त्याचा गुडघा जाऊ नये म्हणून. आपल्या खेळात शेवटचा रविवार धरतच नव्हते, त्यामुळे दादाचं तिकडे कधी लक्षच गेलं नाही. तो रविवार यंदा त्यानेच घुसवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि बीडल? त्याच्या टीमला शेवटचा सामना जिंकावाच लागणार, आणि त्यांच्या दुसऱ्या पळणाऱ्याचा घोटा मोडला आहे. म्हणजे चेंडू येणार तो बीडलच्याच हातात. दादाने वर्षभराची सरासरी काढली. कोण जेवून उठलाय आणि कोण अजून उपाशी आहे, ते त्याला दिसलं नाही. मी रोज साडेतीनशे पोरांना वाढते, मला ते लांबून कळतं.

त्याला त्याच्याच आकड्यांचं जेवण वाढणार आहे मी, आणि पोट भरेपर्यंत आग्रह करणार आहे.

तुझ्या मायेची भुकेली,
व्हर्ना


ग्रीन बे,
१२ डिसेंबर १९८८

चि. व्हर्नास आत्याचे आशीर्वाद.

काल प्राइसची टीम जिंकली आणि त्याने डेल्मरला सव्वीस गुण मिळवून दिले. बीडल आणि बाकीचे धरून आता तो एकवीसने पुढे आहे. फोन करून त्याने मला कॉटेजला कोणता रंग शोभेल, ते विचारलं. तो म्हातारा प्रशिक्षक यंदा सुधारला तर? पोरी, तुझ्या आईच्या हातची ती कॉटेज आहे, जाईल गं.

सूड वाईट असं रविवारी चर्चमध्ये ऐकते आणि मान हलवते. पण खोटं कशाला बोलू? तुझा बाप माझा सख्खा भाऊ. बत्तीस वर्षं सामन्याच्या दिवशी त्याने माझ्या अंगणात गाडी लावली, माझ्या हातचं खाल्लं, आणि मलाही एकदा चल म्हणाला नाही. तेव्हा मी पंच आहे, कोणाच्या बाजूने बोलणार नाही. मेणबत्ती मात्र लावली आहे.

देव तुझ्या बीडलच्या पायात बळ देवो.
तुझी,
हिल्डाआत्या


मिल्वॉकी,
२० डिसेंबर १९८८

व्हर्ना,

कोट! गुडघ्यापर्यंत कोट घातला होता त्याने! टीव्हीवर दोनदा दाखवला. वाफाळता पेला हातात घेऊन हसत होता, आणि इकडे तुझा बीडल चेंडू पोटाशी धरून पळतोय, पडतोय, उठतोय, पुन्हा पळतोय. तीन टचडाउन! आत्या म्हणते, त्याचे सदतीस आणि माझ्या प्राइसचा भोपळा. उरलेल्यांची आपापसात फिटंफाट झाली आणि मी सोळा गुणांनी गेलो.

तू हे ठरवून केलंस. बेकरी म्हणे! ती चिठ्ठी मीच घाईने धाडली, हे आठवलं की जेवण जात नाही. जॅनेलने विचारलं की बाबा, तुम्हाला आकड्यांमध्ये कोट दिसला नाही का? तिला झोपायला पाठवलं.

तिकिटांच्या कागदावर सही करून आत्याकडे ठेवली आहे. शब्द मोडणारा मी नाही. लोभ वगैरे पुढच्या पत्रात बघू.

डेल्मर


मॅनिटोवॉक,
१५ ऑक्टोबर १९८९

प्रिय दादा, सा. न. वि. वि.

दहा महिन्यांनी तुझं अक्षर बघून बरं वाटलं. पुढच्या महिन्यातल्या शिकागोच्या सामन्याचं एक तिकीट मागितलंस. बाबांच्या जागेवर एकदा तरी बसू दे, लहानपणापासूनच्या आठवणी आहेत असं लिहिलंस. असतीलच. मला नसलेल्या सगळ्या तुझ्याकडे आहेत.

पहिल्या सामन्याला मी आणि आत्या गेलो होतो. बाक टणक आहे, वाराही थेट तोंडावर येतो. आत्याने पुठ्ठे घेतले होते. आपला टचडाउन झाला तेव्हा ती उभी राहून रडली, मग मीही. तो गलका खिडकीतून ऐकणं वेगळं आणि आपल्या गळ्यातून निघणं वेगळं. इतकी वर्षं हे आमच्यापासून लांब ठेवलं, म्हणून मला तुझा आणि बाबांचा तिथल्या तिथे पुन्हा राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही.

तरी शिकागोच्या सामन्याला आत्याने तिची जागा आनंदाने सोडली आहे. ते तिकीट सोबत जोडलं आहे. ते जॅनेलचं आहे. तिला मोज्यांचे दोन जोड घालून आण. थंडी सोसते की नाही, ते ती बघेल. बाबांच्या जागेवर ती बसेल, शेजारी मी.

तू गाडी आत्याच्या अंगणात लाव. ती दुपारी स्वयंपाकघरात तुझी वाट बघेल. रेडिओ खिडकीपाशी आहे, आणि त्या दिवशी आपल्या चौघांचे बटाटे सोलायचे आहेत. गलका आधी खिडकीतून येईल, आकडे मागून रेडिओवर.

दादा, तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे. सुरी आत्या देईल.
तुझी,
व्हर्ना