कोळ्याच्या मादीला नवरा

चिमणे,

दादाचा आशीर्वाद, आणि एक टपली. मी बरा आहे. अंगावरची खाज कमी झाली. पत्र्याची खोली गळते, पण माझ्या खाटेवर नाही.

या जंगलात साहेबांना कोळ्याची कुणीच न पाहिलेली जात सापडली, हे तुला कळवलं होतं ना? ती मादी होती. जोडीतले दोघं भिंगाखाली पाहिल्याशिवाय साहेब जातीचं वर्णन लिहायला तयार नाहीत. मला म्हणाले, "नर आण आणि जा बहिणीच्या लग्नाला." तिकडे आई तुला स्थळं बघत होती, इकडे मी हिला.

परवा सापडला एकदाचा, पाचोळ्याखाली. मादीच्या निम्मासुद्धा नव्हता. मी असा हरखलो की बॅग भरायच्या घाईत त्याला तिच्याच बरणीत टाकलं. सकाळी बघतो तर दोन पाय उरलेले, आणि बाई गुबगुबीत.

साहेब ओरडले नाहीत. "दुसरा शोध," एवढंच. लग्न तोंडावर आलंय म्हटलं, तर म्हणाले, "तू कशाला हवास? नवरा आहे ना तिथे?" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार!

आईचा गुडघा कसा आहे? आणि तुझा तो तापट नाही ना? खरं सांग.

बरणीचं आईला सांगू नकोस. साहेबांनी सोडलं नाही, एवढंच म्हण.

लग्नात कोणी विचारलंच, भाऊ कुठाय, तर सांग, दुसरीसाठी नवरा शोधतोय.

तुझाच,
दादा