लाल मटनासंगं, पांढरी मासोळीसंगं

मनोहरची माय,

मी तलावाकडं जाऊन राहिलो. सांजच्या रिसेप्शनच्या आधी येतो. कोणी विचारलं तर पानं आणायले साकोलीले गेले म्हणून सांगजो. नवी सून सकाळपासून सगळ्यायच्या पाया पडून राहिली. तिले माझ्या तोंडाचा वास येऊ नये, म्हणून जातो.

मनोहरनं आपल्या साहेबासाठी वाईनच्या दोन शिशा आणल्या, त्या त्यानं सकाळी माझ्यापुढं ठेवल्या. म्हणे, "बाबा, जेवणात मासोळीही आहे, मटनही आहे. कोणती कशासंगं द्यायची? तुम्हाले यातलं समजते म्हणतात." माझ्या पिण्याचा या घराले आजवर कधी उपयोग झाला नव्हता. मले बरं वाटलं.

त्याले सांगजो, लाल मटनासंगं द्यायची. पांढरी आंबट आहे, ते मासोळीच्या रश्श्यासंगं चालते, पण थंड पाह्यजे. ओला फडका गुंडाळून माठाजवळ ठेवली आहे. लाल शिशी अर्धीच उरली. साहेबाले आतूनच गिलासात भरून देजो.

मनोहरले सांडली म्हणून सांगता आलं असतं, पण तुले खोटं लिहीत नाही. चव पाहायले एक घोट पुरला होता. बाकीची मी निवडून झाल्यावर पेलो.

तो सहा वर्षाचा असताना तापानं फणफणला होता, तेव्हा त्याच्याच डोक्यावर हात ठेवून मी दारू सोडली होती. त्याले ते आठवत नाही, म्हणून त्यानं मले विचारलं. तुले आठवते.

आज त्याची नजर उतरवशील तेव्हा दोनदा उतरवजो.